रुंदी हवी होती, जाडी घटवली: अंबडच्या एका सुपरवायझरचे बेअरफूट शूज

संध्याकाळी, दिवसभराचं काम उरकल्यावर, फरशीवर एक कोरा कागद ठेवायचा. मोजा घालून त्यावर उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर सारखं. पायाची कड दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायची, आणि पेन्सिल अगदी उभी धरायला सांगायची. स्वतः वाकून काढायला गेलं की वजन पुढे सरकतं आणि आकृती फसते. या प्रकरणातल्या गृहस्थांचा पाय असा कागदावर उतरवला तेव्हा डावा २६६ मिलिमीटर लांब निघाला, उजवा २६२. चवड्याची सर्वांत रुंद जागा १०४ मिलिमीटर. मग त्यांच्या सेफ्टी शूजमधला इनसोल काढून त्याच आकृतीवर ठेवला. त्याची रुंदी ९२. करंगळी जवळजवळ अख्खी बाहेर.

इनसोल पायापेक्षा चार-पाच मिलिमीटर अरुंद असला तर बिघडत नाही, कारण बुटाचं वरचं कापड किंवा चामडं तेवढं फुगतं. बारा मिलिमीटर फुगत नाही. आणि सेफ्टी शूजमध्ये पुढे पोलादी टोपी असते, ती तर एक केसभरही सरकत नाही.

हा कागद पाच मिनिटांत होतो. इथे तो पायाचं हाड दुखावल्यावर काढला गेला.

व्यक्ती प्रातिनिधिक आहे. अशाच दोन-तीन पायांच्या तक्रारी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे. वय ३९, वजन ७८ किलो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटीला सुपरवायझर, आठ तासांची फिरती पाळी, पाळीत नऊ-दहा हजार पावलं, सगळी सेफ्टी शूजमध्ये. तीन वर्षांपासून रनिंग: गंगापूर रोडनं सोमेश्वरच्या बाजूला, आठवड्यातून चार दिवस, एकूण २६ किलोमीटर. तक्रारी तीन. लांब पळून आल्यावर जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणक, डाव्या करंगळीवर कुरूप, आणि दर दोन-तीन महिन्यांनी काळं पडणारं दुसऱ्या बोटाचं नख.

या तिन्हींवर एकच औषध म्हणून बेअरफूट शूज आले, म्हणजे अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून बनवलेले पातळ, सपाट सोलचे बूट.

मागवलेला जोड

जुन्या रनिंग शूजची टाचेखालची जाडी ३२ मिलिमीटर, चवड्याखाली २२. या दोन्हींतला फरक म्हणजे ड्रॉप, तो १०. नव्या जोडाचा सोल टाचेपासून बोटांपर्यंत सारखा ६ मिलिमीटर, ड्रॉप शून्य. साइज जुन्या बुटाची होती तीच, ८ नंबर, ऑनलाइन. आतली लांबी मोजली तर २७१ निघाली. २६६ च्या पायाला पुढे जेमतेम पाच मिलिमीटर जागा. धावताना पाय पुढे सरकतो आणि थोडा लांबतोही, म्हणून सर्वांत लांब बोटापुढे दहा ते बारा मिलिमीटर मोकळे लागतात. (सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही. यांचं दुसरं बोट लांब होतं, नख काळं पडण्याचं निम्मं कारण तिथेच.)

‘आठ नंबर’ या शब्दावर विसंबायचं नाही, एवढं यावरून धरून ठेवावं. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. विचारायची ती आतली लांबी आणि चवड्याजवळची आतली रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जी कंपनी ती सांगत नाही तिचा बूट घरच्या स्वच्छ फरशीवरच घालून पाहावा, परत पाठवता येईल अशा बेतानं. इनसोल निघत असेल तर काढून त्यावर उभं राहावं. पाय कुठेही बाहेर सांडत असेल तर तो बूट आपला नाही, मग त्याच्या नावात बेअरफूट असो नाहीतर आणखी काही.

या गृहस्थांचा हिशेब मात्र वेगळा होता. लहानपणी सिन्नर तालुक्यात शाळेला अनवाणी जात होते. दर नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालत नाहीत, कालिकेच्या यात्रेलाही तसेच जातात. अनवाणी पळत सुरुवात केलेल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं नाव तर नाशकात अशा प्रत्येक चर्चेत निघतंच. तेव्हा आपल्या पायाला हे नवीन नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणणं चुकीचं आहे, पण मूर्खपणाचं नाही, म्हणून नीट तपासायला हवं. जो पाय लहानपणापासून रोज अनवाणी पळतो त्याची हाडं त्या माराला पुरी पडतील अशीच घडत जातात. मधे वीस-पंचवीस वर्षं जाड टाचेचे बूट आले की ते घडणं थांबतं. हाड ज्याची गरज उरली नाही ते साठवून ठेवत नाही. नवरात्रातले नऊ दिवस चालण्याचे असतात, पळण्याचे नव्हेत. त्यात कातडी घट्ट होते, टाचांना भेगा पडतात आणि तळव्याला खडे टोचेनासे होतात. कातडी दोन आठवड्यांत जमवून घेते, स्नायू दोन-तीन महिन्यांत. हाडं आणि पोटरीखालची जाड शीर, म्हणजे अकिलिस, यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यात माणसाला जाणवते ती फक्त कातडी.

पहिले पाच आठवडे

दसरा झाल्यावर सुरुवात. जुने बूट कपाटात गेले, ही पहिली मोठी चूक. पहिल्या आठवड्यात ८ किलोमीटर, दुसऱ्यात १३, तिसऱ्यात १९, चौथ्यात २४. चौथ्या रविवारी वर अंजनेरीचा डोंगरही, त्याच बुटांवर.

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या धरल्या की जिना आडवं होऊन उतरावा लागला. दुसऱ्यात कमी. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या गप्प, गुडघ्याची ठणक जवळपास गेलेली, पाय हलके. इथे प्रत्येक जण खूश होतो आणि अंतर वाढवतो. धोका याच दिवसांत असतो.

कारण असं. हाडावर नवा भार आला की शरीर आधी ते हाड पोखरतं. जुना, सूक्ष्म तडे गेलेला भाग काढून टाकणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत आपलं काम करून जातात. ती पोकळी नव्या हाडानं भरणाऱ्या पेशी मागून येतात आणि त्यांचं काम तीन महिने चालतं. म्हणजे साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हाड सुरुवातीपेक्षा कमजोर असतं. पोटऱ्यांचं दुखणं नेमकं त्याच सुमारास थांबलेलं असतं. दुखणं थांबलं, आता तयार झालो, असा अर्थ माणूस काढतो.

आता मार किती बसत होता ते पाहू. सात मिनिटांना एक किलोमीटर, मिनिटाला १६० पावलं. म्हणजे किलोमीटरला ११२० पावलं, एका पायाची ५६०. आठवड्याला २४ किलोमीटर धरले तर एकेका पायावर साडेतेरा हजारांच्या आसपास आघात. जुन्या बुटात त्यातले बहुतेक टाचेवर पडत आणि ३२ मिलिमीटर फोम ते झेलत असे. सोल पातळ झाला की टाच आपटणं सहन होत नाही, माणूस नकळत चवड्यावर पडू लागतो. गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. तो नाहीसा मात्र होत नाही, खाली उतरून पोटरी, अकिलिस आणि चवड्यातल्या लांब हाडांवर जातो. या लांब हाडांना मेटाटार्सल म्हणतात. त्यांतलं दुसरं सर्वांत लांब, अंगठ्यामागच्या हाडापेक्षा कितीतरी बारीक, आणि त्याचं मूळ मागच्या हाडांच्या खोबणीत घट्ट अडकलेलं. बाजूची हाडं थोडी हलून सुटतात. हे हलत नाही, म्हणून वाकतं.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये यावर एमआरआय करून पाहिला. ३६ सरावलेले धावपटू, दहा आठवडे. पाच बोटांचे पातळ बूट वापरणाऱ्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली, आणि हे लोकसुद्धा टप्प्याटप्प्यानंच वाढवत होते. त्याआधी २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा अनवाणी धावण्यावरचा लेख ‘नेचर’मध्ये आला आणि या बुटांची लाट आली. पण तो लेख पाय जमिनीवर कसा आपटतो याबद्दल होता. दुखापती कमी होतात असं त्यात सिद्ध केलेलं नव्हतं. पुढे २०१४ मध्ये हे पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीनं आरोग्याच्या दाव्यांवरून झालेल्या खटल्यात ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. बुटाच्या खोक्यावर काय छापलं आहे ते वाचताना एवढं आठवावं.

नाण्याएवढी जागा

पाचव्या आठवड्यात डाव्या पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, दुखू लागलं. आधी पळताना, मग पळून झाल्यावर, मग पाळीत चालताना. मुरगळलं असेल म्हणून बाम चोळला. वेदनाशामक गोळी घेऊन आणखी तीनदा पळाले. गोळी वेदना झाकते, हाडाचं काम तसंच पुढे चालू राहतं.

स्नायूचं दुखणं पसरट असतं, हलवल्यावर सैल होतं. हाडाचं दुखणं एका बोटानं दाखवता येतं. इथे अंगठ्यानं दाबत गेल्यावर रुपयाच्या नाण्याएवढी जागा सापडली, तिथे माणूस दचकला. लेस आवळली की तिथेच कळ. त्याच पायावर एकदा उडी मारायला सांगितलं, तर मारता आली नाही. एवढं कळलं की पळणं त्या दिवशीच बंद करायचं आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं.

एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो बहुधा स्वच्छच येतो, आणि ‘एक्स-रेत काही नाही’ या वाक्यावर कितीतरी लोक पुन्हा पळायला जातात. एमआरआयमध्ये दुसऱ्या मेटाटार्सलच्या आत सूज दिसली, तडा नव्हता. रक्तात ड जीवनसत्त्व १४. २० च्या खाली ते कमीच धरतात. साखर ठीक. साखर पाहण्याचं कारण असं की मधुमेहानं तळव्याची संवेदना गेली असेल तर पातळ सोलचा विचारच करू नये. काच रुतली तरी कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी आधी दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्यानं होणारी तळव्याची तपासणी करून घ्यावी. ती दोन मिनिटांची आहे.

पळणं सहा आठवडे बंद. चालणं दुखणार नाही इतकंच, कडक सोलच्या बुटात. सायकल चालू. ड जीवनसत्त्वाचा डोस डॉक्टरांनी ठरवून दिला.

दुसऱ्यांदा

विश्रांतीच्या काळात मोजमापं घेतली आणि खरी गोम तिथे सापडली. भिंतीपासून पाय मागे सरकवत, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा आणि भिंतीत दहा सेंटिमीटर अंतर जमलं तर घोटा पुरेसा वाकतो. यांचं डावीकडे ६, उजवीकडे ८. एका पायावर उभं राहून टाच उचलणं किमान पंचवीसदा जमावं. डाव्या पायावर चौदा झाले. उंच टाचेच्या सेफ्टी शूजमध्ये आठ-आठ तास काढल्यावर पोटरी आखूड आणि आळशी होते, त्याचंच हे फळ. ड्रॉप दहावरून शून्यावर आणला की टाच जमिनीला टेकवायला अकिलिस दर पावलाला जास्त ताणली जाते. घोटा वाकत नसेल तर टाच लवकर उचलली जाते आणि भार पुन्हा चवड्यावर.

म्हणून पहिले चार आठवडे बुटांना हात नाही. घरात अनवाणी. टाचा उचलण्याचे पंधराचे तीन संच, आधी गुडघा सरळ ठेवून, मग तेवढेच गुडघा थोडा वाकवून, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू वाकलेल्या गुडघ्यातच कामाला लागतो. एका पायावर तीस सेकंद तोल, दात घासताना. बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. हा शेवटचा व्यायाम पहिल्या आठवड्यात कुणालाच जमत नाही. पायात गोळा येतो. येऊ द्यावा.

मग चालणं, नव्या जोडावर. नवा जोड १० मिलिमीटर सोलचा, ड्रॉप शून्य, आतली लांबी २७८, रुंदी १०५. जुना सहा मिलिमीटरचा जोड घरात आणि जिममध्ये. ब्रिगहॅम यंगचाच २०१९ चा आणखी एक अभ्यास आहे, त्यात पातळ बुटांत नुसतं चालूनही पायाचे स्नायू व्यायामाइतकेच बळकट झाल्याचं दिसलं. त्याच धर्तीवर पहिले दोन आठवडे दिवसाला २५०० पावलं, पुढचे दोन ५०००, नंतर चार आठवडे ७०००. सेफ्टी शूजमधली पावलं यात धरली नाहीत, पण ती आहेत हे विसरलं गेलं नाही: रात्रपाळी करून आल्यावर त्या दिवशी पातळ बूट नाहीत.

चालण्याच्या पाचव्या आठवड्यापासून पळणंही सुरू झालं, पण मधल्या जोडावर: ड्रॉप ४, चवड्याखाली १८ मिलिमीटर, पुढून रुंद. पातळ बुटांतलं पळणं त्यानंतर महिन्याभरानं, गोल्फ क्लबच्या मातीवर, धावण्याच्या अगदी सुरुवातीला, पाय ताजे असताना ४०० मीटर. शेवटी नाही. थकलेला स्नायू आपटणं झेलत नाही, हाडाकडे सोपवतो. आठवड्यातून दोनदाच, मधे दोन दिवस मोकळे. दर दोन आठवड्यांनी चारशे मीटरची भर. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना दुखणं दहापैकी दोनच्या वर असेल तर त्या आठवड्यात भर नाही. आणि नाण्याएवढ्या जागेवर रोज अंगठा दाबून पाहायचा. तिथे दुखलं तर आकडे न पाहता थांबायचं.

ही गती चिडवणारी आहे, यात वाद नाही.

नाशिकच्या काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. काँक्रीटच्या रस्त्यावर सोल दहा मिलिमीटरपेक्षा पातळ नको, निदान पहिलं वर्ष. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर डांबराची धग पातळ रबरातून तळव्यापर्यंत पोचते. पावसाळ्यात गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि अंजनेरीच्या ओल्या कातळावर सपाट, नक्षी नसलेला सोल साबणासारखा निसटतो. डोंगराला जायचं तर तीन-चार मिलिमीटर दातांचा सोल पाहावा. रामशेजकडे बाभळीचा काटा सहा मिलिमीटर रबर सरळ पार करतो.

स्वस्तात काम भागेल का, असं अनेकदा विचारलं जातं. शाळेतले पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज सपाट आणि पातळ असतात, पण पुढे निमुळते. ज्याला रुंदी हवी त्याच्या उपयोगाचे नाहीत. कोल्हापुरी सपाट आणि पुढून मोकळी, पण मागे पट्टा नाही. ती सांभाळायला बोटं सतत आवळली जातात. बाजारात जायला ठीक, सात हजार पावलांना नाही.

करंगळीचं काय झालं

सात महिन्यांनंतरचा हिशेब: आठवड्याला २२ किलोमीटर, त्यातले ५ पातळ बुटांत, बाकी मधल्या जोडावर. डाव्या टाचेची उचल २६. भिंतीची चाचणी ९ सेंटिमीटर. गुडघ्याची ठणक कधीतरी, लांब पळण्यानंतर.

कुरूप आणि काळं नख मात्र पहिल्या तीन महिन्यांतच गेलं, पातळ बुटांत पुन्हा एक मीटरही पळायच्या आधी. ते पुढून रुंद असलेल्या जोडानं आणि दुसऱ्या बोटापुढच्या बारा मिलिमीटरनं गेलं. त्यात सोलच्या जाडीचा काही संबंध नव्हता. तीनपैकी दोन तक्रारींना फक्त रुंदी हवी होती, आणि रुंद, जाड, नेहमीच्या ड्रॉपचे बूटही मिळतात. तिसऱ्या तक्रारीला, गुडघ्याला, मांडीच्या व्यायामानं आणि पावलं थोडी आखूड करण्यानंही बराच आराम पडला असता. बेअरफूट बूट वाईट असतात असं नाही. पण त्यांत रुंदी, ड्रॉप, जाडी आणि लवचीकपणा ही चार कलमं एकत्र विकली जातात, आणि एकाच कलमाची गरज असलेला माणूस चारांची किंमत हाडानं मोजतो.

राहिले सेफ्टी शूज. ते काढता येत नाहीत आणि काढूही नयेत. आयएस १५२९८ या भारतीय मानकाप्रमाणे पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसायची असते, आणि पायावर पडणारा जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला धातूचा तुकडा, तळवा किती बळकट आहे हे पाहत नाही. आतला इनसोल काढून बाहेरचा मऊ किंवा पातळ घालणं हाही उपाय नाही; मूळ इनसोल धरूनच त्या बुटाची चाचणी झालेली असते. उपाय एकच, रुंद साच्याचा जोड. तो बनवणारे आहेत, मागावा लागतो. कागदावरची आकृती घेऊन हे गृहस्थ कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेले. इंडेंटच्या, म्हणजे मागणीच्या, फॉर्मवर नंबर लिहायला रकाना होता, रुंदी लिहायला नव्हता. ‘रुंद साचा, चवडा १०४ मिमी’ हे शेऱ्याच्या जागी लिहावं लागलं, आणि फॉर्मला आकृतीची झेरॉक्स जोडावी लागली.